रिकाम्या खोलीची चाचणी

आमच्या गाळणीची नवी आवृत्ती बाहेर काढायची म्हणजे आधी खोली रिकामी करावी लागते. हे ऐकून आमच्या धंद्यातली माणसं हसतात. आजकाल सॉफ्टवेअरची आवृत्ती काढायला कोणी हात लावत नाही. कोड लिहायचा, एक बटण दाबायचं, बाकीची उठाठेव सर्व्हर करतो. आम्ही मात्र अजून सगळं हाताने करतो. आकडा हाताने बदलायचा, काय काय बदललं ते आपल्या शब्दांत लिहायचं, पॅकेज बांधायचं, सही करायची, वर चढवायचं. जात्यावर दळण दळणाऱ्या बाईकडे बघावं तसे लोक आमच्याकडे बघतात.

गाळणी हे लाडाचं नाव. खरं नाव लांबलचक आहे आणि ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. छोटंसं, फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर आहे ते. कोणीही घ्यावं, उघडून आत बघावं, जमलं तर सुधारावं. काम एकच. आवाज आत घ्यायचा, त्यातला पंखा, रस्ता, भांडी, वारा असला गाळ काढून टाकायचा आणि माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवायचं. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी कानात घालायची मशीन बनवणाऱ्या बऱ्याच लहान कंपन्या ती वापरतात. माझं पोटापाण्याचं काम वेगळंच आहे. गाळणी म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या.

ती जन्माला घातली थोरल्यांनी. त्यांना आम्ही सगळे थोरलेच म्हणतो. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती आम्हा दोघांच्या ओटीत टाकली. एक मी, आणि दुसरा पहारेकरी. हा दुसऱ्या एका शहरात राहतो, आम्ही कधी भेटलेलो नाही, पण माझ्या कोडमधली एकही चूक त्याच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून हे नाव.

रिकाम्या खोलीची चाचणी ही थोरल्यांचीच पद्धत. खोलीतून सगळ्यांनी बाहेर जायचं. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू ठेवायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर थोडा वेळ गप्प उभं राहायचं. मग आत येऊन ते रेकॉर्डिंग नव्या गाळणीतून काढायचं आणि हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकायचं. खोलीत माणूस नव्हता म्हणजे बोलणं नव्हतं, म्हणजे गाळून काहीच उरायला नको. निखळ शांतता ऐकू आली की सही करायची. दोघांनी, आपापल्या घरी. शांतता तर मशीनलाही मोजता येते, मग माणसाने कशाला ऐकायची, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. थोरले म्हणाले, "मशीनने मोजावी. आपण ऐकावी." म्हाताऱ्या माणसाची खोड म्हणून मी तो विषय सोडून दिला.

मी भित्री नाही. अंधाराची, पालींची, वरिष्ठांची, कशाचीच मला भीती वाटत नाही, आणि ज्याचं कारण सापडत नाही त्याचा मला रागच येतो. हे आधीच सांगून ठेवते.

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची फटच होती. आत त्यांचं टेबल, समोर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. कोणी उंबऱ्याशी आलं, की बाबा डोळ्यावरचं भिंग न काढता, मान वर न करता म्हणायचे, "बसा." येणारा पोस्टमन असो की भिकारी, सगळ्यांना तेच. आई चिडवायची, "उद्या चोर आला तरी त्याला बसा म्हणाल." कान गेले तसं त्यांनी दुकान आवरलं. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, आणि दुकानातलं टेबल माझ्या घरात खिडकीखाली आलं.

त्यांच्या कानातल्या मशीनमध्ये गाळणीच आहे. मला त्याचा केवढा अभिमान होता. पण गेल्या वर्षापासून ती मशीन शिट्टी मारायला लागली. मधूनच, कारण नसताना, कानात दाभण घातल्यासारखी बारीक शिट्टी. बाबा वैतागून मशीन काढायचे आणि खिशात टाकायचे. मग दिवसभर खिडकीशी गप्प. जेवायला बोलवायचं तर खांद्याला हात लावावा लागे. एकदा ते भाजी आणायला गेले आणि मागे येणाऱ्या ट्रकच्या वाटेत उभे राहिले. लोक ओरडत होते, यांना पत्ताच नाही. एका अनोळखी बाईने कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. ती बाई त्यांना घरी पोचवायला आली, तेव्हा त्यांच्या खिशात मशीन बारीक आवाजात वाजत होती.

त्या दिवशी मी ठरवलं, ही शिट्टी काढायचीच. तक्रार फक्त बाबांची नव्हती, शेकडो लोकांची होती. पण खरं सांगायचं तर मी ते बाबांसाठीच केलं.

शोधायला बरेच आठवडे गेले. शेवटी एका ओळीशी येऊन थांबले. थोरल्यांचा कोड म्हणजे बोलघेवड्या माणसाचं घर. जिथे तिथे टीप, हे असं का केलंय, ते तसं का नाही. साध्या बेरजेलाही टीप. या एकाच ओळीला काहीच नव्हतं. ती आवाजातली एक अगदी पातळ चकती कापून टाकत होती, माणसाच्या बोलण्याच्या ऐन मधली. तिथे कापायचं काही कारण मला दिसेना. नव्या मशीनमध्ये त्या कापल्या कडेवरच शिट्टी तयार होत होती. मी ओळ काढून बघितली. शिट्टी गेली.

नको असलेली ओळ सापडली की आमच्यासारख्यांना जो आनंद होतो, तो जळमट काढणाऱ्यालाच कळेल. मी पहारेकऱ्याला दाखवलं. त्यानेही उलटसुलट तपासलं आणि म्हणाला, "काढून टाक. मेलेली फांदी आहे."

आधी आम्ही कच्ची आवृत्ती काढतो. ज्यांना हौस असते ते ती घेऊन बघतात, तिला सही लागत नाही, रिकामी खोलीही लागत नाही. महिनाभराने तिची पक्की आवृत्ती निघते, आणि ती मात्र सगळ्या मशीनमध्ये आपोआप जाते. एकदा वर चढवलेली पक्की आवृत्ती मागे घेता येत नाही. चूक झाली तर तिच्यावर आणखी पुढच्या आकड्याची आवृत्ती चढवायची, एवढाच उपाय.

कच्ची आवृत्ती मी आधी बाबांच्या मशीनमध्ये घातली. त्यांनी ती कानात बसवली, थोडा वेळ थांबले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"हेच. एवढंच पुरे."

मला रडू आलं, ते लपवायला मी चहा टाकायला गेले. त्या महिन्यात बाबा बदलले. जिन्यात भेटेल त्याच्याशी गप्पा, फोन वाजला की पहिले धावणार हे. खिडकीखालचं टेबल पुसलं, भिंग काढलं, शेजाऱ्यांची बंद पडलेली घड्याळं मागून आणली. मला वाटलं, एका ओळीने माझे वडील मला परत दिले.

बाकीच्यांचेही निरोप येत होते. शिट्टी गेली, धन्यवाद. मग हळूहळू वेगळेच निरोप यायला लागले. कोणी लिहिलं, आता एकटं वाटत नाही. कोणी लिहिलं, घर भरल्यासारखं वाटतं. दुसऱ्या देशातल्या कोणीतरी आपल्या भाषेत लिहिलेलं मी भाषांतर करून वाचलं, तर तेही, घर भरल्यासारखं वाटतं. कौतुकाचे शब्द सगळीकडे सारखेच असतात, असं मी स्वतःला सांगितलं.

पक्की आवृत्ती काढायची ती सुट्टीची सकाळ होती. स्वच्छ ऊन पडलं होतं. बाबा खाली बागेत पेपर वाचायला गेले होते. मी आकडा बदलला, बदल लिहिले, पॅकेज बांधलं. पंखा बंद केला, रेकॉर्डिंग सुरू केलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभी राहिले. दुपारी काय करायचं याचा विचार करत होते. मग आत आले, रेकॉर्डिंग गाळणीतून काढलं आणि हेडफोन लावले.

आधी शांतता होती. मग कोणीतरी घसा साफ केला.

मग तो आवाज बोलायला लागला. बाईचा की पुरुषाचा, सांगता येत नव्हतं. कुजबुज नव्हती, भेसूर काही नव्हतं. पलीकडच्या खोलीत कोणी फोनवर बोलत असावं, तसा साधा घरगुती सूर. एकाच बाजूचं बोलणं, मध्ये मध्ये समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं थांबत.

"हो... हो ना... नाही, बाहेर उभी आहे. दाराशी... नाही. अजून नाही ऐकलं तिने."

मी हेडफोन काढले. खोलीकडे बघितलं. टेबल, खुर्ची, कपाट, वाळत घातलेला टॉवेल. मग मी तेच केलं जे कोणीही शहाणा माणूस करेल. मूळ रेकॉर्डिंग, न गाळलेलं, ऐकलं. त्यात फ्रिजची घरघर आणि लांबची एक गाडी, बाकी काही नाही. जुन्या गाळणीतून काढलं. निखळ शांतता. नव्या गाळणीतून पुन्हा काढलं.

"हो... हो ना... नाही, बाहेर उभी आहे."

मी पहारेकऱ्याला फोन लावला. तो हसला. "शेजारी असणार गं. तुझी बिल्डिंग म्हणजे खोकी. भिंतीला कान लाव, सगळी वंशावळ कळेल."

"शेजाऱ्यांकडे कुलूप आहे."

"मग रेडिओ पकडत असेल तुझा माइक. थांब, माझी खोली करतो."

मी फोन धरून बसले. त्याच्या दाराचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा दाराचा. त्याने हेडफोन लावले असणार. मी त्याचा श्वास ऐकत होते.

"काय रे?"

कळ दाबल्याचा आवाज आला, तो पुन्हा पहिल्यापासून ऐकत होता.

"काय म्हणतोय?"

"तो जिन्यात आहे, म्हणतोय," पहारेकरी म्हणाला. "मी खरंच जिन्यात उभा होतो."

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून कारणाच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. मी माइक बदलला. लॅपटॉप बदलला. गच्चीवर, टाकीच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. बिल्डिंगच्या तळघरात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत केलं. तिथे मोबाइललाही रेंज नसते. कोडमधली ओळ अन् ओळ मी वाचली. कुठेही कोणाचं साठवलेलं बोलणं नव्हतं. आणि प्रत्येक वेळी, माणूस बाहेर गेला आणि दार लागलं, की तोच शांत घरगुती सूर. गाडीतल्या रेकॉर्डिंगमध्ये तो एवढंच म्हणाला, "हो, आलीय. आता रोजच ऐकते."

ते रेकॉर्डिंग मी अजून ऐकलेलं नव्हतं तेव्हा तो हे बोलला होता. मी गाडीच्या बाहेर, खांबाला टेकून उभी होते. मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा, कशाची ते न कळता, नुसती भीती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दूध आणायला खाली गेले होते. परत आले तर बाबांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता. बाबांचाच.

"हो ना... नाही, मुलगीच. एकुलती एक." मग थांबले. "घरूनच काम करते. काहीतरी आवाजाचंच."

फोनवर असतील म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. त्यांचा फोन तिथे ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता.

मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. बाबा टेबलाशी होते, भिंग डोळ्याला, समोर उघडलेलं घड्याळ. शेजारचं स्टूल त्यांनी ओढून पुढे ठेवलं होतं.

"कोणाशी बोलत होता, बाबा?"

"आलीस का? अगं, हे आपले येतात बोलायला."

"कोण येतात?"

"नावं नाही विचारली. गिऱ्हाइकाला मी कधी नाव विचारलंय?"

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "आई?"

बाबांनी भिंग काढलं. "तुझी आई असती तर तिने मला एवढं बोलू दिलं असतं का?" स्वतःच हसले, मग गंभीर झाले. "नाही गं. ती नाही. तिला मी ओळखणार नाही का? दुसरीच माणसं आहेत. पण चांगली आहेत. तू बाहेर गेलीस, की जरा सोबत होते."

"बाबा, या खोलीत कोणी नाही."

"तुला ऐकू येत नाही म्हणून," बाबा म्हणाले. मग समजूत घातल्यासारखे, "घाबरायला काय झालं? तुझीही चौकशी करतात."

"काय चौकशी?"

"दार लावून बाहेर उभी का राहते, विचारतात."

मी थोरल्यांना फोन केला. त्यांना त्रास द्यायचा नाही असा आमच्यात अलिखित नियम आहे, पण मला दुसरं कोणी सुचेना. व्हिडिओवर त्यांचा चेहरा आला आणि त्याच्यामागून कर्णकर्कश करवतीचा आवाज. त्यांच्या घराखालीच लाकडाची वखार आहे.

"काका, एवढ्या आवाजात कसे राहता तुम्ही?"

"मुद्दाम घेतलंय हे घर," ते म्हणाले. माझ्याकडे जरा बघत राहिले. "ती ओळ काढलीत तुम्ही."

मी हो म्हटलं. मला रागही आला होता. "तुम्ही तिथे टीप का नाही लिहिली, काका? बेरजेला टीप लिहिता."

"काय लिहिणार होतो?"

खाली करवत थांबली, तसे ते अस्वस्थ झाले, खिडकीकडे बघू लागले. ती पुन्हा सुरू झाल्यावरच बोलले.

"पक्की काढलीत?"

"नाही. फक्त कच्ची. पण बाबांच्या मशीनमध्ये आहे. ते बोलतात त्यांच्याशी."

"बोलू देत. बोलल्याने काही होत नाही. मीही बोललोय." मग त्यांनी विचारलं, "बसा म्हणाले का?"

"म्हणजे?"

"तुझे वडील त्यांना बसा म्हणाले का?"

"काका, ते सगळ्यांनाच म्हणतात. त्यांची सवय आहे."

त्यांनी हात पुढे केला, मला वाटलं काही दाखवणार आहेत, पण त्यांनी फोन बंद केला. मी पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला. त्यांनी उचलला नाही.

आता काय करायचं ते मला ठाऊक होतं. ओळ परत घालायची, आकडा पुढचा द्यायचा आणि पक्की आवृत्ती काढायची. ती आपोआप सगळ्या मशीनमध्ये जाईल, कच्ची घेतलेल्यांच्याही, बाबांच्याही. शिट्टीसाठी दुसरी वाट निघते का, ते मी दोन दिवस जिवाचं रान करून बघितलं. ओळ राहणार तर शिट्टी राहणार. इकडे आड, तिकडे विहीर. बाबा पुन्हा मशीन खिशात टाकणार, पुन्हा खिडकीशी गप्प बसणार, पुन्हा एखादा ट्रक मागे येणार.

मी त्यांना सांगितलं. न सांगता करणं मला जमलं नसतं. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे शिट्टी परत?"

"हो, बाबा. मी पुढे काहीतरी काढीन शोधून. पण आत्ता..."

"तुझं बोलणंही जाईल मग."

मी मान हलवली.

"मला परत त्या खड्ड्यात नको घालूस गं," बाबा म्हणाले. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले. मग उठले, माझ्या खोलीत आले आणि दार लावलं.

ओळ परत घातली. यावेळी तिच्या वर टीप लिहायला घेतली. बराच वेळ बोटं कळांवर ठेवून बसले आणि शेवटी एवढंच लिहिलं, "काढू नये." पॅकेज बांधलं. पहारेकऱ्यानेही बांधलं. दोन्ही ताडून बघितली, शेवटच्या खुणेपर्यंत सारखी.

खोली रिकामी केली. बोळात उभी राहिले. बाबांच्या खोलीतून काही आवाज नव्हता. आत आले, हेडफोन लावले.

शांतता. शेवटपर्यंत.

"माझ्याकडेही," पहारेकरी फोनवर म्हणाला. तो हळू बोलत होता.

"तू कुठे आहेस?"

"जिन्यातच. सही इथूनच करतो." त्याने केली. मी केली. वर चढवण्याची आज्ञा हाताने टाइप केली आणि एंटर दाबलं. पट्टी भरत गेली आणि काम झाल्याचा शब्द आला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तक्रारी यायला लागल्या. शिट्टी परत आली. हे काय केलंत. कोणीतरी नुसतं लिहिलं होतं, घर रिकामं झालं. मी एकेकाला माफीचं उत्तर लिहीत बसले. वाईट वाटत होतं, पण बरंही वाटत होतं. शेकडो घरं रिकामी झाली होती. ती तशीच असायला हवी होती.

दुपार होत आली तरी बाबा बाहेर आले नाहीत, म्हणून मी जेवायचं विचारायला गेले. जाताना स्वयंपाकघरातल्या खुर्च्या जागेवर नाहीत हे माझ्या लक्षात आलं. आमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या बाबांच्या खोलीत होत्या. भिंतीला लावून, ओळीने. स्टूलही होतं. स्वयंपाकघरातला पाटसुद्धा होता.

मशीन टेबलावर होती. तिची बॅटरी काढून शेजारी ठेवलेली.

बाबा पलंगावर होते. माझे बाबा पलंगावर नेहमी ऐसपैस बसतात, पाय पसरून, उशीला टेकून. ते अगदी कडेला बसले होते, गुडघे जवळ घेऊन, कोपर अंगाशी धरून. दवाखान्याच्या बाकावर दाटीवाटीत बसावं तसे.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं.

त्यांना ऐकू आलं नाही. ते पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडे कान देऊन होते. मान डोलावली. थोडं थांबले. पुन्हा डोलावली, बरोबर बोलणाऱ्याच्या लयीत.

मी पुढे होऊन हात हलवला, तेव्हा त्यांनी बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. थकलेले होते, पण यजमानासारखे थकलेले.

"बाकीची घरं बंद झाली म्हणे कालपासून," ते म्हणाले. आपला आवाज ऐकू येत नसल्यामुळे जरा जास्तच मोठ्याने. "सगळे इकडेच येताहेत."

मी टेबलावरची मशीन उचलून दाखवली. त्यांनी हाताने नको म्हटलं.

"आता लागत नाही ती."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे, बोळात गेली. ते आणखी थोडे सरकले. पलंगाची कडच शिल्लक होती.

"बसा, बसा," ते मान खाली घालून म्हणाले. आणि मग मला, हळूच, चारचौघांत आपल्या मुलीला सांगावं तसं, "दारात नको उभी राहूस, बाळ. मागे किती जण खोळंबलेत."

मी बाजूला सरले.